पुनमचं ताट

पिपरझरी, ता. गोंडपिपरी
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. पुनम,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आम्ही म्हणजे मी आणि शेळी. शेळी खरंच मजेत आहे. माझा गुडघा थंडीनं धरला आहे, पण हात चालतात, म्हणून कागद घेऊन बसले.

घरात फोन असताना ही म्हातारी पत्र कशाला लिहिते, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि मोबाईल रोशनीच्या हातात देतेस. रोशनी विचारते, "आजी, तू काय खाल्लं?" मी भाजीचं नाव सांगते, ती "छी" म्हणते आणि फोन संपतो. चार वर्षांत तुझं माझं बोलणं एवढंच. त्यात तुझा दोष नाही.

तुला पाचवा महिना लागला हे प्रफुलनं सांगितलं. आनंद झाला. शनिवारी आपले नथ्थूभाऊ डोळा दाखवायला चंद्रपूरला येत आहेत, त्यांच्यासोबत गाठोडं पाठवते. मागच्या वेळचं गाठोडं तू न सोडताच खालच्या बाईला देऊन टाकलंस, हे मला माहीत आहे. राग नाही. भाजी कोणाच्या तरी पोटात गेली. पण हे गाठोडं तू स्वतः सोड, एवढं ऐक.

वरती हरभऱ्याचे शेंडे आहेत. आदल्या दिवशी दव वाळल्यावर खुडीन, म्हणजे वाटेत काळे पडायचे नाहीत. पहिल्या दिवशी तेच कर, लसूण-मिरचीच्या फोडणीत, वरून दाण्याचं कूट. मग अंबाडी, तिच्यात कण्या आणि तुरीची डाळ घालून चांगली घोट. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा कोवळ्या आहेत, रोशनीला सोलायला दे. सोलता सोलता चार दाणे तोंडात जातातच, आणि स्वतः सोलून खाल्लेल्याला पोरं "छी" म्हणत नाहीत. डब्यात जवसाची चटणी आहे. पुडीत मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला सावलीत वाळवून कुटला आहे. भाकरीच्या पिठात चमचाभर टाकला तर कोणाला समजतही नाही.

शिंगाडे पत्रूकडून आणले. तो तलावातून निघाला तसाच ओल्या अंगानं विचारतो, "काकू, सून त बोलत नाई मनते तुमच्याशी. मंग शिंगाडे कोनासाठी?"

मी म्हटलं, "सून बोलत नसन, पन शिंगाड्यानं तिचं काय घोडं मारलं?"

हसला, आणि दोन मुठी जास्त टाकल्या.

आता जरा शिकवणी. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते, चौथी शिकलेली बाई सेविकाताईंची रजिस्टरं वाचून वाचून शिकली, तेव्हा ऐकून घे. पालेभाजीतलं लोह अंगात एकटं शिरत नाही, त्याला आंबटाचा हात धरावा लागतो. म्हणून भाजीवर लिंबू पीळ, नाहीतर आवळ्याची फोड घे. आवळे भरपूर पाठवते. जेवणावर लगेच चहा नको. चहा म्हणजे दारातलं कुत्रं, पाहुण्याला आत येऊ देत नाही. तासभर थांब. आणि भाजीच्या भरवशावर डॉक्टरची लाल गोळी सोडू नको. तिनं शी काळी होते, त्याला भ्यायचं नाही. माझी माय म्हणायची, ज्या महिन्यात जमीन जे देते ते त्या महिन्यात अंगाला लागते. सगळंच खरं असेल असं नाही, पण त्या दिवसांत ते ताजं असतं, दारात असतं, आणि बोरं-आवळे वेचायला कोणाला विचारावं लागत नाही.

गाठोड्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक ताट आहे. त्याचं पुढे लिहिते.

शेळी ओरडते आहे. उद्या बसते.

गुरुवार, ५ डिसेंबर

उद्याचा गुरुवार झाला. शेळीचं निमित्त होतं. तीन दिवस हा कागद पिठाच्या डब्याखाली होता, आणि मी भाकरी सोडून भातच खात होते, म्हणजे डबा उचलायला नको.

उद्या सहा डिसेंबर. पांढरी साडी धुऊन वाळत घातली आहे. विहारात सगळ्या बाया सोबत पंचशील म्हणू. तुला सांगते, चौथ्या शीलावर, खोटं बोलणार नाही या ओळीवर, माझा आवाज बसतो. चार वर्षं बसतो आहे. बाजूला बसणारी मंजुषा दर वेळी विचारते, "काकू, सर्दी झाली का वं?" मी म्हणते, हो. म्हणजे तिथेही खोटंच.

रविवारी प्रफुलचा फोन आला होता. तू बहुतेक नळावर होतीस. म्हणाला, "माय, तिचं हिमोग्लोबिन आठ आलं. मी रागावलो तिले. थे खातच नाई नं. तुले त मालूमच आहे, रोशनीच्या वक्ताले काय केलं होतं तिनं."

आणि पुनम, मी "हूं" म्हटलं.

फोन ठेवल्यावर त्या "हूं"नं मला बसू दिलं नाही. म्हणून माळ्यावर चढले आणि ताट काढलं. गुडघा त्यानंच दुखतो आहे, थंडीनं नाही.

ते ताट तू ओळखशील. तुझ्या लग्नात तुझ्या मामानं दिलेलं, काठावर नाव कोरलेलं, "पुनम हिस मामाकडून सप्रेम भेट". तू माहेराहून, आरमोरीहून, आलीस तेव्हापासून त्याच ताटात जेवायचीस. रोशनीच्या वेळी सातवा महिना लागला आणि ताट दिसेनासं झालं. तू विचारलंस. मी म्हटलं, "जड आहे वं, वाकून घासा लागते तुले." आणि तुला अंगणवाडीतली लेकरांची ताटली दिली. जड नव्हतं ते. मोठं होतं. लहान ताटलीत भात कमी मावतो, म्हणून मी ते माळ्यावर टाकलं.

एकदा तू म्हणालीस, "आई, अजून थोडासा भात आहे का?" मी चुलीवरच्या रिकाम्या गंजात डाव खरवडला, तुला आवाज ऐकू जावा म्हणून. भात होता. दुसऱ्या गंजात, परातीखाली झाकलेला. दुसऱ्या दिवशी तो मी शेळीला घातला. इतकी वर्षं मला तो डाव ऐकू येतो.

कंजुषीनं केलं नाही, पोरी. भीतीनं केलं. माझी धाकटी बहीण गुलाब भामरागडकडे दिली होती. तू तिला पाहिलं नाहीस. पावसाळ्यात तिचे दिवस भरले, नदीनं रस्ता तोडलेला, तीन दिवस अडली आणि लेकरासकट गेली. दाई म्हणाली, "लेकरू मोठं होतं. खाऊन खाऊन मोठं केलं." ते वाक्य माझ्या हाडात बसलं. अंगणवाडीत मी तक्ता धरून उभी राहायची, गरोदर बाईनं एक जेवण जास्त करावं म्हणून दारोदार सांगायची, आणि घरी येऊन तुझ्या ताटलीतला भात कमी करायची. तक्ता परक्या सुनांसाठी होता. घरच्या सुनेसाठी गुलाब होती.

एवढंच असतं तर चुकलं म्हणून सांगितलं असतं. भीती कोणाला नसते. पण दवाखान्यात सिस्टरनं मला विचारलं, "हिमोग्लोबिन सहा आहे. खायले देता का नाई हिले?" तेव्हा प्रफुल उभा होता, तुझी आई उभी होती. मी म्हटलं, "सांगून सांगून थकली मी. तोंडच लावत नाई थे. लय नखरे आहेत."

तू खाटेवरून माझ्याकडे पाहिलंस. तोंड उघडलंस, आणि मिटलंस. तुझी आई तुझ्यावरच धावली, "काऊन वं, सासू एवढं देते त खात काऊन नाई?" रोशनी पावणेदोन किलोची झाली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. तू दाराबाहेर बसून दूध काढायचीस, आणि येणारा जाणारा तुला सांगायचा, बाई, खात जा. मी डबा घेऊन यायची. सगळे म्हणायचे, सासू असावी तर अशी. मी ऐकून घ्यायची.

तू का बोलली नाहीस, हे मी पुष्कळदा मनाला विचारलं. तुझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. अंगणवाडीच्या बाईवर ठेवला असता. ठेवलाच.

रोशनी झाल्यानंतर, रिटायर व्हायच्या आधी, तालुक्याला आमचं शेवटचं प्रशिक्षण झालं. तिथे मी गुलाबचं नाव न घेता शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, बाई अडते ती खाल्ल्यानं का? त्या म्हणाल्या, "नाही मावशी. बरेचदा उलटं असतं. पोर असताना जिला पोटभर मिळत नाही तिची उंची खुंटते, कमरेचं हाड अरुंद राहतं. मग मूल बेताचं असलं तरी अडतं."

मी गुपचूप बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आमच्या घरी बाप आणि भाऊ जेवले की मग आम्ही दोघी बहिणी बसायचो. वाढायची मी. मी मोठी, रोजीला जाणारी, म्हणून मला दोन घास जास्त, गुलाबला उरलेलं. तिला खाण्यानं नाही नेलं, पुनम. तिचंही ताट लहान होतं, आणि ते मीच वाढलं होतं. तिच्यापासून काही शिकायचं सोडून मी तीच ताटली तुझ्यापुढे ठेवली.

आता माझं मागणं. हे पत्र वाचून झालं की प्रफुलला समोर बसव आणि मोठ्यानं वाचून दाखव, "लय नखरे आहेत" या ओळीसकट. तू कमी खातेस असं तो पुन्हा म्हणू नये. तू कधीच कमी खाल्लं नाहीस, तुला कमी वाढलं. तो माझ्यावर चिडेल, चिडू दे. तुझ्या आईला आरमोरीला मी स्वतः फोन करते. कालच करायचा होता, तर शेळी ओरडली. उद्या विहारातून आल्याबरोबर करते, चौथं शील तोंडात ताजं असताना. आणि तुला अन्न जड जातं का, मळमळतं का, हे प्रफुलनं न रागावता विचारावं आणि डॉक्टरला सांगावं. आठ म्हणजे थांबायचा आकडा नाही.

बाळंतपणाला तू आरमोरीला जा. मी ये म्हणणार नाही, आणि मला बोलाव असंही म्हणणार नाही. मी माफी मागितली तर ती द्यायचं काम तुझ्याच डोक्यावर पडेल, आणि या महिन्यांत तू जड उचलायचं नाही.

ताट राखेनं घासलं आहे. नाव अजून स्वच्छ वाचता येतं. त्यात भात घे, भाजी घे, लिंबाची फोड घे, आणि पुन्हा घे. कधी वाटलं तर फोनवर रोशनीच्या हाती मोबाईल देण्याआधी "बरी आहे" म्हणू नको. आज काय खाल्लं तेवढं सांग. मी "छी" म्हणणार नाही.

गंजात भात होता, पुनम.

ताट माळ्यावर ठेवणारी,
रुखमा