दाबून मोजलेलं कापड

मंगळवार, पेण. संध्याकाळ.

सॉफ्टवेअर म्हणतं, फायबरग्लासच्या पत्र्यात काच अठ्ठावन्न टक्के. आज रोह्याला कंपनीत तुकडा भट्टीत जाळून मागे उरलेली काच तोलली, तर जेमतेम चाळीस. आठवडाभर मी सॉफ्टवेअरमधल्या, कापडाच्या विणीच्या मॉडेललाच शिव्या घालत होतो.

काचेचं कापड थरावर थर अंथरून त्यावर चिकट रेझिन लावणाऱ्या सुमनताई सहज म्हणाल्या, "साहेब, तुमी कापड व्हर्नियरात दाबून मोजलंत. आमी एवढं दाबत नाय. थर फुगलेलाच ऱ्हातो."

दाबून मोजलेली तीच जाडी मी सॉफ्टवेअरमध्ये भरली. जाडी कमी, म्हणून काच जास्त, म्हणून ताकद जास्त. सगळं स्क्रीनवर.

त्याच आकड्यावर मी ॲसिडच्या टाकीवर चालायची, याच पत्र्याची फळी पास केली. दाबून मोजलं, मूर्खा!

"सापडली ना चूक?" ताईंनी विचारलं. हो म्हणालो. फळीचं बोललोच नाही. त्या टाकीवरच कामाला असलेला त्यांचा नवरा उद्या पहिल्या शिफ्टला तिच्यावर चढेल, आणि मी फोन करायचा सोडून हे लिहीत बसलोय.