थंडी बॅटरी खाते

चंदीगड,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. कश्मिरा हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र बघून हसशील, "आई, व्हॉट्सअ‍ॅप कशाला आहे मग?" म्हणशील. अगं, फोन हातात घेतला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि मधेमधे "तिला सांग, सगळं ठीक आहे" करत राहतात. माणूस बोलणार काय, कपाळ!

थंडीनं नुसता उच्छाद मांडलाय. धुकं इतकं की समोरच्या जसविंदरजींचं फाटक दिसत नाही, त्यांचा आवाज तेवढा येतो, "भाभीजी, चाय पी ली?" माझे गुडघे संपावर गेलेत. मेथीचे लाडू केले. तुझ्या बाबांनी कडू म्हणून तोंड वाकडं केलं आणि अर्धा डबा संपवला.

आता गाडीचं. तू मोहालीतलं गिऱ्हाईक शोधलंस, संक्रांतीला दुपारी ते गाडी बघायला येणार, हे बाबांकडून कळलं. शार्दूलला जाऊन वर्ष होत आलं, त्याची गाडी गॅरेजमध्ये धूळ खात ठेवण्यात काय अर्थ, हे तुझं म्हणणं मला कळतं. म्हणजे कानांना कळतं.

पण त्या लोकांना खरं काय ते आधीच सांगायला हवं. गाडी काही बरी नाही. तुला माहितीच आहे, ती दोन्हीवर चालणारी. प्लग लावून चार्ज करायची, आणि बॅटरी कमी पडली की पेट्रोल. तुझे बाबा रोज संध्याकाळी प्लग लावतात, झोपायच्या आधी काढतात. तेव्हा बॅटरी भरलेली असते. आणि सकाळी बघावं तर चांगली पाव उडालेली! गाडी जागची हललेली नाही. बाबांनी चाकाशी खडूची रेघ मारून ठेवली, ती जशीच्या तशी. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणे, "सर, सर्दी में बैटरी थोड़ी कम हो ही जाती है." तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद, "थंडी बॅटरी खाते." उभा जन्म एअर फोर्सची इंजिनं उघडण्यात गेला या माणसाचा, आणि आता एवढ्यावर समाधान! मीही मान डोलावते. पण थंडी खाईल ती घासभर खाईल ना? एवढी खादाड?

आणि अजून एक. हसू नकोस. परवा सकाळी कांदे आणायला गॅरेजमध्ये गेले होते. सहज गाडीचं दार उघडलं तर ड्रायव्हरची सीट गरम. हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी ऊब. बाबा फिरायला गेलेले, घरात मी एकटी. काल पुन्हा कांद्यांसाठी गेले. पुन्हा गरम.

बाबांना मी बोलले नाही. तूही बोलू नकोस. त्या लोकांना मात्र सांग, एवढी घाई करू नका म्हणावं.

घरात कांदे भरपूर झालेत. पुण्यात काय भाव आहे?

तुझी,
आई


चंदीगड,
मंगळवार, २० जानेवारी

चि. कश्मिरा,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला असेल. "आईला जरा चक्कर आली, म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवलं," एवढंच बाबांनी तुला कळवलं. ते अर्धं खरं. उरलेलं मीच सांगते, नाहीतर जसविंदरजी सांगतील, तेही मीठमसाला लावून.

मी कांद्यांसाठी जात नव्हते गं.

थंडी सुरू झाली तशी रोज जातेय. बाबा फिरायला बाहेर पडले की पिठाच्या डब्यातून शार्दूलची किल्ली काढायची आणि गॅरेज गाठायचं. त्या किल्लीनं दार उघडलं की ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकते, त्याच्या लांब पायांपुरती. आरसे वळतात. सगळं त्याच्यासाठी. मी बटण दाबून हीटर लावायची आणि डावीकडे, माझ्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसायची.

आठवतं, थंडीत कुठं निघायचं असलं की तो आधी जाऊन गाडी तापवायचा? "आई, गरम होऊ दे, मग बस. नाहीतर गुडघे कुरकुरतील." त्या सकाळीही तापवून ठेवली. बाबांची तपासणी होती ना, म्हणून गाडी आम्हाला ठेवली आणि स्वतः मित्राच्या गाडीतून अंबाल्याला निघाला. धुक्यात रस्त्यावर उभा असलेला ट्रक गाडी चालवणाऱ्या त्या मित्राला दिसलाच नाही. आम्ही उबेत बसून दवाखान्यात पोचलो, आणि तिथं फोन आला. माझं पोर गार पडलं होतं कश्मिरा, आणि माझे गुडघे गरम होते. हे मी कुणाला सांगू?

तर मी तिथं बसून त्याच्याशी बोलायची. आज भाजी काय, बाबा कसे चिडचिड करतात, ताई गाडी विकायला निघालीय. हो, तुझी चुगलीही केली.

बॅटरी थोडी मी खाल्ली, थोडी थंडीनं. पण मी जायच्या आधीच ती उतरलेली असायची, आणि ती सीट गरम असायची. मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मला वाटलं, तो येतोय. आणि खरं सांगते, सकाळ कधी होते असं व्हायचं मला.

संक्रांतीच्या दिवशी कडाका होता. आदल्या दिवशी लोहडीची शेकोटी, जसविंदरजींकडे जेवण, त्या गडबडीत बाबा प्लग लावायला विसरलेले. बॅटरी तळाला गेली होती. मी आत गेले, गारठा नको म्हणून शटर खाली ओढून घेतलं. तिळाचा एक लाडू त्याच्या सीटवर ठेवला, म्हटलं, "शार्दूल, आज ते लोक येणार आहेत रे. मी काय करू?"

आणि इंजिन सुरू झालं.

हीटरचं बटण सोडलं तर मी कशालाही हात लावला नव्हता. सगळी गाडी थरथरली, लाडू घरंगळत खाली गेला. मी ओरडले नाही, पळाले नाही. मी सीट बेल्ट लावला.

मला वाटलं, निघालो आम्ही. डोकं जड झालं, झोप यायला लागली. "हळू चालव, धुकं आहे," असं म्हटल्याचं आठवतं. मग शटर धाडकन वर गेलं आणि तुझे बाबा ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं ओरडलेलं ऐकलं नव्हतं.

हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि हे शेजारी बसून समजावतायत. बॅटरी उतरलेली, बाहेर कडाका, हीटर चालू, म्हणजे ही गाडी उष्णतेसाठी आपणहून पेट्रोलचं इंजिन चालू करते. बंद गॅरेजमध्ये तो धूर विषच. सांगताना डोळ्यांतून धारा. मी मास्क बाजूला करून विचारलं, "तुम्ही फिरायला गेला होता ना? गॅरेजमध्ये कसे आलात?"

"टोपी विसरली होती."

"गॅरेजमध्ये?"

"गाडीत."

त्यांनी मास्क पुन्हा माझ्या तोंडावर बसवला. शेवटी म्हणाले, "धुक्यात कोण फिरतंय, आसावरी. तू उठायच्या आधी मी तिथं जाऊन बसतो. स्वयंपाकघरात तुझी भांडी वाजली की उठतो आणि पार्कच्या बाकावर जातो."

म्हणजे बॅटरी तेच खात होते. सीट तेच गरम करत होते. दोघंही एकमेकांना थंडीचं नाव सांगत होतो.

मला इतका राग आला! या माणसानं माझा जीव वाचवला, आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडले. माझा शार्दूल येत होता, रोज येत होता, तो यांनी एका वाक्यात नेला. दुसऱ्यांदा गेला गं तो.

घरी आल्यावर ठरवलं, आता पुरे. बाबांनी गाडी पूर्ण चार्ज केली, प्लग काढला. दोन्ही किल्ल्या पिठाच्या डब्यात. शटरला बाहेरून कुलूप, त्याची चावी माझ्या उशाखाली. गिऱ्हाइकाला या म्हणून सांगायचं, हेही ठरलं.

काल सकाळी दोघं मिळून कुलूप काढायला गेलो. दार उघडलं, सीट मागे सरकली, दिवे लागले.

पाव बॅटरी उडालेली.

बाबा आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थंडी बॅटरी खाते."

मी म्हटलं, "खातेच."

ड्रायव्हरची सीट हाताच्या अंतरावर होती. आम्ही दोघांनीही हात लावून पाहिला नाही. बाबांनी मुकाट्यानं प्लग लावला आणि आम्ही चहाला घरात आलो.

तू रागावशील, तुझा हक्क आहे. पण त्या लोकांना सांग, थंडी गेली की या. शटर आता उघडंच ठेवतो, चोर आला तर आला. माझी काळजी करू नकोस. इंजिन सुरू झालं तरी मी आता बेल्ट लावणार नाही, शपथ. तू अजून आहेस ना मला.

तुम्हा दोघा भावंडांची,
आई