मोठ्या रकान्यातली हरकत

दि. ४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नगरपालिकेचा फॉर्म मिळाला. बाबांमागे घर आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून अंगणातल्या झाडाची फांदी छाटायलाही माझी सही! भरून सोबत पाठवलाय. इथे बोटी रंगवतोय. म्हाताऱ्या रंगाऱ्याने काल शिकवलं की ब्रश आधी... जाऊ दे, पुढच्या पत्रात. आईला सांग, वेळेवर जेवतो. राग कमी, लोभ जास्त असू दे.

तुझा भिंगरी

दि. १५ जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे शहाण्या, संमतीचा रकाना छोटा होता, हरकतीचा मोठा. तू मोठ्यात लिहिलंस! तेही अकरा ओळी, त्या फांदीवरचा लहानपणीचा झोका काय, मांजरीची पिल्लं काय! मीही न वाचताच देऊन आले. रस्त्यावरचं झाड ऑफिस स्वतः छाटतं. कुंपणाच्या आतल्याला मात्र एका मालकाची हरकत आली की काम बंद, आणि परस्पर तोडलं तर दंड. कारकून म्हणाला, इतक्या मनापासून हरकत आजवर कुणी घेतली नाही. इकडे ती चिरलेली फांदी आईच्या खोलीच्या पत्र्यावर लोंबतेय. वारा सुटला की माझा जीव टांगणीला. हरकत मागे घे, आजच्या आज.

कावलेली, तरी तुझीच,
ताई

दि. २४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चुकलो. जागा दिसली, लिहीत सुटलो. हरकत मागे घेतल्याचं पत्र सहीसकट जोडलंय, दोनच ओळींत. तोवर आईला पुढच्या खोलीत हलव. मला यायला जमेलसं दिसत नाही. एक जण डोंगरातल्या कामाबद्दल सांगत होता. माया पातळ करू नकोस.

भिंगरी

दि. ३ जुलै

चि. भिंगरीस, अ. आ.

कारकून म्हणतो, तुझं पत्र आणून द्या, दुसऱ्या दिवशी माणसं पाठवतो. पण पाकीट आधी आईच्या हाती पडलं. तिने मला विचारलं, हरकत घेणारा स्वतः ऑफिसात आला तर चालतं का? मी भोळसटासारखं हो म्हटलं. तेव्हापासून पत्र तिच्या उशीखाली आणि ती त्या फांदीखाली. पलंगाला हात लावू देत नाही. मागितलं की म्हणते, ज्याची हरकत त्यानेच येऊन काढावी. दुसरं पत्र पाठवलंस तर तेही ती दाबून ठेवील. मी हात टेकले. आता सही नको, तू ये. वारा रोज वाढतोय.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी एक,
ताई