बासष्ट टक्के

२१ सप्टेंबर, सकाळी ८.१०
आजपासून कॉम्प्युटरची रोजनिशी. भावना नकोत, फक्त नोंदी.

हा कॉम्प्युटर मी दोन वर्षांपूर्वी एकेक पार्ट आणून स्वतः जोडला. मंजू आणि नीला लातूरला जायच्या आदल्या आठवड्यात. टायपिंग चालतं, ऑफिसची ड्रॉइंग्ज चालतात. जोर दिला की बंद पडतो. जोर म्हणजे रेंडर, ड्रॉइंगवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं. एकवीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची घरं काढतोय, आता आमच्याच घरात करायच्या नव्या स्वयंपाकघराचा थ्रीडी व्हिडिओ करतोय, दारातून आत चालत गेल्यासारखा. पूर्वेला खिडकी, ओटा मंजूच्या उंचीचा. बासष्ट टक्क्यांना स्क्रीन काळा.

मुदत २२ ऑक्टोबर, पाडवा. ओवाळणीत मंजूला हाच व्हिडिओ द्यायचा. तो पाहिला की ती परत येईल.

(दुरुस्ती: ‘परत येईल’ बरोबर नाही. ती गेलेलीच नाही. नीलाच्या नीटच्या क्लासेससाठी लातूरला खोली करून राहिली, अर्ध्या नांदेडच्या आया राहतात तशी. नीलाला ऑगस्टमध्ये प्रवेश मिळाला, ती संभाजीनगरच्या हॉस्टेलला गेली. मंजूची आवराआवर चालू आहे.)

२३ सप्टेंबर
प्रोसेसर सुरुवातीला ५४ अंश. दहा मिनिटांत ९१. मग बंद. कारण उघड आहे: नांदेडचा उकाडा. यात माणूस बंद पडतो, मशीनचं काय.

मंजूला फोन केला. ती वेळ जावा म्हणून क्लासेसच्या मुलींसाठी मेस चालवते. म्हणाली, अहो, जरा बोलायचं म्हणत होते. मी ९१ सांगितलं. म्हणाली, बरं. मग भाजी लागायला लागली म्हणून ठेवला.

२४ सप्टेंबर
कालची नोंद चुकीची. ९१ नव्हे, ९३. अशा चुका होता कामा नयेत.

२७ सप्टेंबर
वजिराबादला धम्मदीपच्या दुकानात गेलो. सगळे पार्ट त्याच्याकडचेच. मान वर न करता म्हणाला, सर, प्रोसेसरवरचा पंखा काढून बघितला का? मी म्हणालो, तो मी स्वतः बसवलाय. म्हणाला, म्हणून तर विचारून राहिलो.

दुकानातले दोघे हसले. मी नाही.

पंखा काढताना प्रोसेसरच्या पिना वाकू शकतात. धोका नको. आधी बाकीचं सगळं तपासायचं, पंखा शेवटी.

निश्चय: मंजूशी बोलताना पहिल्या वाक्यात मशीनचा विषय काढायचा नाही.

२८ सप्टेंबर
दुसऱ्या वाक्यात काढला.

२ ऑक्टोबर
दसरा. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला विभूती लावली, हार घातला, वर आपट्याचं पान. दिवसभर एकदाही बंद पडला नाही. (पूजेसाठी बंदच ठेवला होता. नोंद अर्धवट राहू नये म्हणून लिहितो.)

४ ऑक्टोबर
हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते हे पाहायला कॅबिनेटभोवती उदबत्ती फिरवली. तेवढ्यात शेजारचे शेषेराव काका आले, चप्पल बाहेर काढून हात जोडून उभे राहिले. मी म्हणालो, काका, पूजा नाही ही. म्हणाले, मग धूर कशाला करून राहिलास? मी समजावलं. ते म्हणाले, हाव, हाव. सूनबाई कवा येणार?

म्हणालो, दिवाळीला. म्हणाले, मागच्या साली बी दिवाळीच म्हणला होतास की. मी म्हणालो, मागच्या वर्षी परिस्थिती वेगळी होती. काय वेगळी होती ते आठवून नंतर लिहावे.

निष्कर्ष: कॅबिनेटचा मागचा पंखा उलटा बसला होता. फिरवला. ९३ चे ९१ झाले. बंद मात्र बासष्टलाच.

७ ऑक्टोबर
व्होल्टेज मोजलं, ठीक आहे. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, बदलला. झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. चौसष्ट टक्के. दोन टक्क्यांची प्रगती लगेच मंजूला कळवली. ती म्हणाली, अहो, ऐका. मेसला बत्तीस पोरी झाल्यात, मी पलीकडची खोली बी घेतली. मी म्हणालो, पण दिवाळीत पोरी घरी जातील, तू मोकळीच असशील. म्हणाली, मोकळी हाय. पाडव्याला तुम्हीच या इकडं.

अर्थ स्पष्ट आहे. सामान आणायला मी यावं, असं तिला वाटतं. टेम्पो सांगून ठेवला.

९ ऑक्टोबर
नीलाचा फोन. म्हणाली, पप्पा, आई नांदेडला येणार नाही. तिने तुम्हाला तीनदा सांगायला घेतलं. मी म्हणालो, असं ती कधीच बोलली नाही, माझ्याकडे नोंदी आहेत. नीला म्हणाली, नोंदीत टेम्परेचर असेल.

रोजनिशी चाळली. २३ सप्टेंबर: ‘जरा बोलायचं म्हणत होते.’ ७ ऑक्टोबर: ‘अहो, ऐका.’ तिसरी नोंद नाही. म्हणजे दोनदाच. नीलाला वाढवून सांगायची सवय आहे.

१४ ऑक्टोबर
तपासायला दुसरं काही उरलं नाही. प्रोसेसरवरचा पंखा काढला. एकही पीन वाकली नाही.

पंख्याच्या तांब्याच्या बुडाला पातळ प्लास्टिक चिकटलेलं होतं. ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यात लावतात ते. बसवण्यापूर्वी काढा, असं त्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत छापलेलं. मी तसाच बसवला होता. दोन वर्षं प्रोसेसर तापत होता आणि ते तांब्याला कळतच नव्हतं.

नवीन वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, ही आमच्या घरची रीतच. फ्रिजच्या हँडलवर अजून आहे. रिमोट पिशवीत आहे.

आणि एक. जोडत होतो तेव्हा मंजू चहा घेऊन शेजारी उभी होती. म्हणाली होती, अहो, ते प्लास्टिक काढायचं असंल बघा, काही तरी लिहिलंय त्यावर. मी तिला उष्णता कशी वाहते ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. चहा कुणी घेतला ते आठवत नाही.

तिने सांगितलेलं मी आणखी काय काय ऐकलं नाही, याची यादी करायला बसलो. १. स्वयंपाकघराला खिडकी (सन २००८). दुसरा आकडा लिहिला आणि पंख्याखाली लावायची थर्मल पेस्ट वाळेल म्हणून उठलो.

(ती पेस्ट अशी तासाभरात वाळत नाही. तरी उठलो.)

१५ ऑक्टोबर, दुपारी ३.४०
रेंडर पूर्ण. शंभर टक्के. कमाल तापमान ६७.

धम्मदीपला फोन केला. म्हणाला, प्लास्टिक होतं ना? मी म्हणालो, हो. म्हणाला, सर, स्वतः जोडणारे लई जण तेच करतात. मनाला लावून घेऊ नका.

मनाला लावून घेतलेलं नाही. दोष सापडला म्हणजे दुरुस्ती झाली. फ्रिजच्या हँडलवरचं प्लास्टिक काढलं. मंजूला बरं वाटेल.

२२ ऑक्टोबर, लातूर
सकाळच्या एसटीने आलो. मंजूने ओवाळलं. मी तबकात पेनड्राइव्ह ठेवला, तिने त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

मेसच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. तीन मिनिटं वीस सेकंद. ती हात न पुसता उभ्यानेच पाहत होती. खिडकी आली तेव्हा म्हणाली, थांबवा. थांबवलं. म्हणाली, उजेड बेस पडलाय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती नुकतीच कांदा चिरून आली होती, म्हणून ही नोंद निश्चित धरू नये.

मग म्हणाली, पुन्हा लावा. या वेळी खुर्ची ओढून बसली. संपल्यावर म्हणाली, अहो, असंच मला इथलं काढून देता का? दोन्ही खोल्यांचं मिळून एक. बत्तीस पोरींच्या पोळ्या व्हायला पाहिजेत, मोठ्या शेगड्या दोन. तुमच्या ओट्यावर माझी परातसुद्धा मावायची नाही. खिडकी तेवढी हीच ठेवा.

मी विचारलं, तात्पुरतं? म्हणाली, जागेचा करार पाच वर्षांचा हाय. मग म्हणाली, मी रागावलेली नाही हो तुमच्यावर.

खरंच रागावलेली नव्हती. रागावलेल्या मंजूची मला सवय आहे. तिला काय म्हणायचं ते येतं. या मंजूला काय म्हणायचं ते आलं नाही.

टेप खिशात होता. तिने एक टोक भिंतीला धरलं, मी दुसरं. चौदा फूट दोन इंच. मग म्हणाली, जेवूनच जा. जेवलो. जेवण नेहमीपेक्षा चांगलं होतं. (नेहमीपेक्षा म्हणजे पूर्वीपेक्षा.)

टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

१ नोव्हेंबर, सकाळी ९.३०
लातूरच्या स्वयंपाकघराचा रेंडर लावला. हे काम आधीच्यापेक्षा दुप्पट जड आहे.

सकाळी १०.१५
वीस टक्के. ६६ अंश. हवेत गारवा आहे, म्हणून टेबलफॅन बंद केला.

सकाळी ११.००
एक्केचाळीस टक्के. ६८. धूळ जाऊ नये म्हणून कॅबिनेटचं झाकण लावलं. खोलीची खिडकीही लावून घेतली.

सकाळी ११.४०
बासष्ट टक्के. ७०. खुर्ची जवळ घेऊन बसलो.

त्रेसष्ट.

दुपारी १.०५
रेंडर पूर्ण. कमाल तापमान ७१. दोनदा तपासलं, नोंद बरोबर आहे. मंजूला पाठवला.