टॅब्लेटमधला श्वास

॥ श्री ॥
अमझेरा, ४ ऑगस्ट २०२५

चि. धवल यास ताईचे अ. उ. आ.

खोकं उघडलंस की आधी पत्र वाच. भावंडांनी मराठीतच लिहायचं ही बाबांची अट तू विसरलास तरी मी विसरलेले नाही.

माझं कृतिसंशोधन तुला ठाऊक आहे. सहावीची मुलं गटागटानं टॅब्लेटवर मोठ्यानं वाचतात, मग स्वतःचंच वाचन ऐकतात. त्यानं वाचन सुधारतं का, ते मी पाहते आहे. पण एका गटाची मुलं टॅब्लेटला हात लावेनाशी झाली आहेत. म्हणतात, आत कुणीतरी श्वास घेतं. मी हसले. शाळा सुटल्यावर एकटीनं ऐकलं, तर वाक्य थांबलं की मागे बारीक शिट्टीसारखी ओढ ऐकू येते. बंद करून मी व्हरांड्यात जाऊन बसले.

तोच टॅब्लेट सोबत पाठवते आहे, तुमच्या देवासच्या दुरुस्ती केंद्रात दुरुस्त होत असेल तर बघ. तब्येत सांभाळ, आणि ताईची आठवण ठेव.

तुझी,
इरावती

देवास, ७ ऑगस्ट

ति. ताईस धवलचा शि. सा. न.

पत्रातल्या चुका लाल पेननं परत पाठवू नकोस. माईकमध्ये धूळ होती, तो बदलला. इथे सगळे माळवी थाटात ‘भिया’ म्हणजे भाऊ म्हणत विचारतात, भिया, ताईंच्या शाळेत इंजिनिअर पाठवायचा की पंडित. तरी सोबत नवा टॅब्लेटही देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुझ्याच संशोधनाचा नियम. मुलं तीच ठेव, मशीन बदल.

भुतालाही नमस्कार सांग. माया आहे तशी असू दे.

धवल

अमझेरा, १४ ऑगस्ट

चि. धवल यास अ. आ.

नव्या टॅब्लेटमध्येही तेच आहे. खोली बदलली, तरी तेच. त्या गटातला मनन तर टॅब्लेट दिसला की रडतो, आणि काल त्याचे आजोबा येऊन मशीन शाळेतून काढा असं बजावून गेले. मीही आता एकटी ऐकत नाही.

त्या गटात फक्त वैभवीचं वाचन स्वच्छ येतं. पण गेल्या महिन्यात घडाघडा वाचणारी पोर आता दोन-तीन शब्दांवर थांबते. आळस करतेस म्हणून तिला मी रागावलेसुद्धा. सगळी रेकॉर्डिंग पाठवते, तूच ऐक. चेष्टा नको, उत्तर लवकर हवं.

ताई

इंदूर, २१ ऑगस्ट

चि. धवल यास आशीर्वाद.

वॉर्डात फोन बंद ठेवावा लागतो. वैभवीचे काका देवासला निघाले आहेत, त्यांच्या हाती हे देते.

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, की ज्या दोन दिवशी तो आवाज कुणाच्याच मागे नाही, त्या दिवशी गटातलं कोण आलं नव्हतं. हजेरी पाहावी लागली नाही, दोन्ही दिवस वैभवीच आली नव्हती. मी वर्गात धावले. वैभवी भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. इतके दिवस ती इतरांच्या शेजारी बसून श्वास ओढत होती, आणि आपण टॅब्लेट बदलत होतो.

हृदयाची झडप खराब झाली आहे, त्यामुळे फुप्फुसात पाणी साचलंय. उद्या सकाळी ऑपरेशन. तिचे वडील पीथमपूरहून पाळी सोडून कारखान्याच्या कपड्यांतच आले. मॅडम, वाचेल ना, असं मला विचारतात.

आवाज आपलाच आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आपली पाळी आली की ती श्वास कोंडून धरायची आणि त्यात मावतील तेवढेच शब्द वाचायची. मुलं भितील, मग मॅडम वाचायला देणार नाहीत, असं तिला वाटलं.

दुपारी ती झोपली होती. अंगावरची चादर हलताना दिसेना, म्हणून मी कान तिच्या तोंडाशी नेला. तीच शिट्टी होती. ती ऐकू येत राहावी म्हणून मी तशीच वाकून राहिले.

उद्या आम्हां सगळ्यांवर लोभ असू दे.

ताई