दर खेपेला नवं माप

लाडक्या धाकटीला ताईची पोटभर माया.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आतून किरण द्यायच्या चारपैकी तीन खेपा झाल्या. मी बरी आहे. आईने विचारलं तर सांग, जेवतेसुद्धा.

गंमत ऐक. आधी गुंगी देऊन आत नळ्या बसवतात, मग लगेच स्कॅन. मला कुठे गप्प बसवतं! म्हटलं, "मागच्या आठवड्यात काढलात की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतलं सगळं रोज थोडं सरकतं. मूत्राशय आज कुठे आहे ते पाहिल्याशिवाय आम्ही किरण सोडत नाही." म्हणजे आपल्याच, शिवणकाम करणाऱ्यांच्या जातकुळीतल्या! संगणकावर तासभर बेतत बसतात; गाठ तेवढी गाठायची, शेजारचं कापड वाचवायचं.

मग तारेच्या टोकाला लावलेला, तांदळाच्या दाण्याहून लहान, किरण सोडणारा कण नळीतून आत जातो आणि दहा मिनिटांत यंत्रात परत येतो. तेवढा वेळ सगळे बाहेर. मी एकटीच छताच्या फरशा मोजते. एकशे बारा आहेत.

अंगात किरण उरत नाहीत, त्यामुळे तुझ्या लेकीला खुशाल मांडीवर घेता येईल. ती सुईत दोरा ओवते का अजून? शाळेचे गणवेश वेळेत गेले?

माझ्यासाठी निळा ड्रेस बेतते आहेस, असं आई म्हणाली. वहीतल्या मापावर कात्री चालवू नकोस गं. ते माप आता माझं राहिलं नाही. कापड घडी करून ठेव. मी तुझ्यासमोर येऊन उभी राहीन, तेव्हा टेप लाव.

तुझी,
ताई