डोंगराकडे पाठ

निवांत वृद्धसंकुल, रोहा
३ नोव्हेंबर २०२५

चि. मनाली हिस,

आत्याचे आशीर्वाद, आज थोडे रागातले. फोन करत नाही, कारण तुझं मला ऐकू येत नाही आणि माझं अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

आधी गोडाचं. तू आखलेली ही इमारत खरंच चांगली आहे. दाराला उंबरा नाही, भिंतीला धरायला लाकडी कठडा आहे, न्हाणीघरात बसून अंघोळ करता येते. गावी, कासूच्या घरात मी दोनदा आपटले होते, इथे अजून नाही. पेणला रामवाडीत बसून तू आमच्या गुडघ्यांचा एवढा विचार केलास, म्हणून शाबासकी.

आता कडू. बसायचा व्हरांडा मागे, डोंगराकडे तोंड करून का काढलास गो? डोंगर आम्ही जन्मभर पाहिला. आता कमी पडतात ती माणसं. माझ्या मजल्यावरचे काळुराम आयुष्यभर खाडीकाठच्या मिठागरात राबले. ते म्हणतात, डोंगर काय पलून जाणार हाय काय, त्याची राखण कशाला? म्हणून आम्ही खुर्च्या उचलून फाटकाजवळ नेतो. तिथून रस्ता दिसतो. दूधवाला, गॅसवाला मिथुन, मासळीची टोपली घेऊन निघालेली मावरंवाली, शाळेची पोरं, सगळी जाताना दिसतात. काल व्यवस्थापक हरेशसरांनी खुर्च्या व्हरांड्याच्या फरशीला स्क्रूने आवळून टाकल्या. मी माझा पाट घेऊन गेले. पाट कसा आवळतात ते बघायचंय मला.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही ते तुझं उत्तर बघून ठरवीन.
तुझी,
मालूआत्या

रामवाडी, पेण
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

मनालीचा पायांना हात लावून नमस्कार. राग पोचला, पाटासकट.

व्हरांडा मी उगाच मागे काढलेला नाही. हिरवळ समोर असली की म्हाताऱ्या माणसांना झोप चांगली लागते, रक्तदाब ताळ्यावर राहतो, हे शिकूनच मी आले. फाटकाशी धूळ, हॉर्न, गाड्यांची ये-जा. तिथे तू पाटावर बसतेस हे ऐकूनच माझा रक्तदाब वाढला.

पण काळजीचं दुसरंच आहे. हरेशसरांचा फोन आला होता. समुपदेशक दिपिकाबाईंनी तुझ्याबद्दल नोंद केली आहे, की तू दिसेल त्याला रोज तोच प्रश्न विचारतेस आणि उत्तर लक्षात ठेवत नाहीस. त्यांना हा विसरण्याचा आजार वाटतो. एक डिसेंबरपासून तुला वरच्या मजल्यावर हलवायचं म्हणतात. तिथे दाराला बाहेरून कुलूप असतं. तुझं जवळचं माणूस मीच, म्हणून माझी संमती हवी आहे. आत्या, खरं सांग, विसरायला होतं का तुला? मला भीती वाटते.

तुझ्या रागावरही जीव असलेली,
मनाली

रोहा
१४ नोव्हेंबर २०२५

चि. मनाली हिस,

आशीर्वाद. वाचून हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला.

दिपिकाबाई पुण्याच्या, पोरगी गोड आहे. तिने मला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला लावलं. सगळं बरोबर केलं. मग म्हणाली, मिथुनला तुम्ही रोज विचारता, कुठं चाललास? तो काय सांगतो? मी म्हटलं, मला काय ठाऊक, उत्तर कोण ऐकतंय! तिने लगेच लिहून घेतलं.

ती पुण्याची, तिला माफ. तू तर सुट्टीत कासूला यायचीस. दुकानात निघालीस की प्रत्येक ओट्यावरून विचारायचे, कुठं चाललीस गो? कोणाला तुझं दुकान जाणून घ्यायचं होतं? त्याचा अर्थ एवढाच, की तू आमच्या नजरेसमोरून गेलीस. तिन्हीसांजेपर्यंत परतली नाहीस तर कोणीतरी कंदील घेऊन निघणार. हे विचारणं थांबलं तर मी खरी आजारी पडेन.

माझ्या शेजारच्या खोलीतल्या पुतळीला श्रावणात वर नेलं. पहिले काही दिवस ती जाळीतून हात हलवायची. आता खिडकीत येतच नाही. वर कोणी कोणाला कुठं चाललीस म्हणत नाही, कारण तिथून कोणी कुठं जातच नाही.

मी जाणार नाही. तू सही केलीस तरी नाही.

लोभाचं नंतर बघू.
मालूआत्या

पेण
२० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. आज रोह्याला येऊन हरेशसरांना भेटले, संमती देणार नाही म्हणून सांगितलं. तुझ्यापाशी आले नाही, कारण रडले असते आणि तुला ते खपलं नसतं. दिपिकाबाईंना आपल्याकडची रीत समजावली. बिचारी ओशाळली, नोंद बदलते म्हणाली. हरेशसर मात्र हटून आहेत. त्यांच्या लेखी फाटकाशी बसणं म्हणजेच बेशिस्त.

मी त्यांच्यापुढे नवा आराखडा ठेवला. फाटकाजवळ, रस्त्याकडे तोंड करून ओटा, वर पत्र्याची सावली, उठताना धरायला कठडे, गाड्यांसाठी वेगळी वाट. ते म्हणाले, असंच करणार असाल तर संकुलाच्या दुसऱ्या इमारतीचं काम तुम्हाला मिळणार नाही. मी म्हटलं, नको. माणसांना कोंडायची इमारत मला काढताच येत नाही.

बोलून टाकलं आत्या. तुझीच भाची ना!

मनाली

रोहा
१ डिसेंबर २०२५

चि. मनाली हिस,

आशीर्वाद, आज भरभरून. काम गेल्याचं वाईट वाटलं आणि छाती फुगली, दोन्ही एकदम झालं.

सकाळी तुझ्या संमतीवाचूनच दोघे जण चाकाची खुर्ची घेऊन माझ्या खोलीवर आले. मी आधीच फाटकाशी होते. काळुराम होते, खालचा सगळा मजला होता. कोणी पाट आणला, कोणी चादर, काळुराम तर फतकल मारूनच बसले. आम्ही आडवेच बसलो, म्हणून फाटक उघडेना. बाहेर दुधाचा टेम्पो थांबला, मिथुन थांबला, मावरंवाली टोपली उतरवून फाटकापलीकडेच आमच्याशेजारी बसली. हरेशसर आले, आधी तापले, मग रस्त्यावरची गर्दी बघून हळूच वाकले. म्हणाले, मालूताई, तुमच्या एकटीपुरता नियम सोडतो, वर नेत नाही, आता आत चला.

मी म्हटलं, माझ्या एकटीपुरती सूट मला नको. पुतळीच्या दाराचं कुलूप काढा. वरच्या सगळ्यांना रोज खाली रस्त्याशी आणा. मग उठते.

दुपार उलटली. त्यांनी कुलूप काढलेलं नाही आणि आम्ही उठलेलो नाही. दिपिकाबाई आम्हाला जेवण इथेच वाढून गेली. मांडीवर कागद धरून लिहिते आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं.

तू गवंडी घेऊन ये. आत जागा देत नसतील तर ओटा कुठे बांधायचा ते इथे बसून ठरवू. आणि उत्तर पाठवलंस तर खोलीचा नंबर घालू नकोस. पत्ता घाल, मालूताई, फाटकाजवळ, रोहा.

लोभ वाढला आहे, आता कमी होणार नाही.
तुझी,
मालूआत्या